मन्सी येथील जमिनीखालचे पेव

प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास गावी पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'काय काय पाहिलेत?' आम्ही २०२४ च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेतील इंडियाना राज्यातून परत आलो, तेव्हा रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर जमलेल्या मंडळींनीही तोच प्रश्न केला. न्यूयॉर्क पाहिले नाही, नायगाराचा धबधबा पाहिला नाही, हे ऐकून मंडळींची थोडी निराशा झाली. 'मग पाहिलंत तरी काय, फादर?' असे एका आजीबाईंनी विचारले. आम्ही सांगितले, 'एक मैदान पाहिले. त्यावर गवत होते आणि पलीकडे मोटारी उभ्या होत्या.' मंडळी हसली. त्या मैदानाचीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

तत्पूर्वी आमची स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे, कारण तिच्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. आमच्या धर्मग्रामाची शाळा खानापूर तालुक्यातील एका लहान गावात आहे. तेथील एका कुटुंबातील मुले आखाती देशांत नोकरीस आहेत. हवामानाच्या रक्षणासाठी शाळेने काही करावे, या हेतूने त्यांनी चार लाख रुपये दिले. पाऊस अवेळी येतो, कापणीस आलेले भात शेतात भिजते, काजूचा मोहोर गळून पडतो, हे त्यांनी गावी येता-जाता पाहिले होते. हेतू शुद्ध होता. शाळेच्या समितीची बैठक भरली. आमचे मत ठाम होते. रस्त्याकडील छपरावर सोलर बसवावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसेल, आणि खाली दात्यांच्या नावाची पाटी लावावी. समितीतील एक वृद्ध शेतकरी तंबाखूची चंची आवरीत म्हणाले, 'फादर, वीज जाते कुठं, ते आधी बघूया का?' आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि पुढचा विषय घेतला. ठराव मंजूर झाला. काम आम्ही प्रवासाहून परतल्यावर सुरू व्हावयाचे होते.

प्रवासाचे कारण घरगुती होते. इंडियानापोलिस शहरी आमची भाची राहते. तिच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा आमच्या हातून व्हावा, अशी तिची व आमच्या बहिणीची फार इच्छा होती. गावातही ही वार्ता पसरली. आमच्या गावच्या एका शेतकऱ्याचा मुलगा त्याच राज्यात, मन्सी नावाच्या गावी, बॉल स्टेट विद्यापीठात वास्तुकलेचे उच्च शिक्षण घेत आहे. त्यासाठी बापाने शेताचा तुकडा गहाण ठेवून कर्ज काढले आहे. मुलाची आई आमच्याकडे आली. बेसनाचे लाडू, कोकम आणि मिरचीची पूड असा पुडा आमच्या हाती देऊन म्हणाली, 'फादर, त्याला बघून या. फोनवर सगळं बरं आहे म्हणतो. तुम्ही डोळ्यांनी बघा.' आईच्या शब्दापुढे आमचे काय चालणार?

बाप्तिस्म्याचा सोहळा आटोपल्यावर भाचेजावयांनी आम्हांस मोटारीने मन्सीस नेले. इंडियानापोलिसपासून हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. वाटेत ना डोंगर ना घाट. दृष्टी पोहोचेल तेथवर सपाट जमीन, कापणीस आलेला मका, सोयाबीनचे पिवळे पडलेले तुकडे, आणि मधूनमधून पत्र्याच्या उंच गोल धान्यकोठ्या. आपल्याकडे खळ्यावर दहा माणसे लागतात. तेथे एकटा शेतकरी यंत्रावर बसून शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पीक कापीत व मळीत चालला होता. हवा थंड होती. झाडांची पाने तांबडी-पिवळी होऊन गळत होती.

मन्सी गाव व्हाइट नावाच्या नदीकाठी वसलेले आहे. त्याचा इतिहास भाचेजावयांनी आम्हांस गाडीतच सांगितला, आणि तो ऐकण्यासारखा आहे. १८८६ साली या भागात भूगर्भात नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. जमिनीत नळ घालावा, काडी ओढावी, की ज्वाळा उठते! लोकांस वाटले, हे भांडार कधी सरणार नाही. रस्त्यावरील वायूचे दिवे दिवसाढवळ्याही जळत ठेवीत. कारण विझविणाऱ्याच्या मजुरीपेक्षा वायू स्वस्त होता. विहिरींच्या तोंडाशी मोठाल्या ज्वाळा पेटवून त्यांची शोभा दाखविण्यासाठी बाहेरगावचे पाहुणे आगगाडीने आणीत. कारखानदारांनी यावे म्हणून गावे वायू फुकट देत. १८९१ साली राज्याने अशा उघड्या ज्वाळांविरुद्ध कायदा केला, परंतु उधळपट्टीची सवय एका कायद्याने मोडत नाही. विसावे शतक उजाडून थोडी वर्षे गेली नाहीत तोच साठा ओसरला आणि भट्ट्या विझू लागल्या.

या वायूच्या लोभानेच बॉल आडनावाचे पाच भाऊ मन्सीस आले होते. बफेलो शहरातील त्यांचा कारखाना आगीत जळाला होता. मन्सीकरांनी त्यांस जमीन, पाच हजार डॉलर आणि फुकट वायू देऊ केला. १८८८ पासून ते येथे काचेच्या बरण्या करू लागले. आपल्याकडे लोणच्यास जशी चिनी मातीची बरणी, तशी तिकडे फळे व भाज्या टिकविण्यास 'बॉल'ची काचेची बरणी घरोघर गेली. पुढे १९१७ साली या भावांनी बुडालेल्या एका शिक्षणसंस्थेची जागा व इमारत विकत घेतली आणि १९१८ साली ती राज्यास दान केली. तिचेच पुढे वाढत जाऊन १९६५ साली बॉल स्टेट विद्यापीठ झाले. आज तेथे सुमारे वीस हजार विद्यार्थी आहेत.

मुलगा विद्यापीठाच्या आवारात पंखांच्या पुतळ्यापाशी आमची वाट पाहत उभा होता. हा पुतळा एका पंख असलेल्या स्त्रीचा असून परोपकाराचे ते रूप आहे. तिच्यामागे पाच भावांचे पाच खांब उभे आहेत. वॉशिंग्टन येथील अब्राहम लिंकनची सुप्रसिद्ध बसलेली मूर्ती घडविणारे डॅनियल चेस्टर फ्रेंच यांच्या हातची ही कृती. ती १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, लोकांसाठी खुली झाली. मुलाने वाकून नमस्कार केला. आम्ही पुडा त्याच्या हाती दिला. त्याने तो उघडला नाही, नुसता नाकाशी धरला. प्रकृती थोडी उतरली होती, पण मुद्रा आनंदी होती. आईला सांगण्यापुरते आम्ही पाहून घेतले.

'काय दाखवतोस बाळ?' असे विचारता त्याने प्रथम घंटांचा मनोरा दाखविला. त्यात ४८ घंटा आहेत. मग वाचनालय झाले, मग त्याची वास्तुकलेची शाळा झाली. शेवटी तो म्हणाला, 'फादर, आता आमच्या विद्यापीठातली सगळ्यांत मोठी गोष्ट दाखवतो.' आम्ही उत्साहाने त्याच्या मागून गेलो. त्याने नेले ते थेट एका मोकळ्या मैदानावर! गवत होते. पलीकडे मोटारी उभ्या होत्या. एक तरुण कुत्र्यास फिरवीत होता. आम्ही चोहीकडे पाहिले आणि म्हणालो, 'अरे, येथे तर काहीच नाही.'

'आहे, फादर,' तो हसून म्हणाला. 'तुम्ही त्याच्यावरच उभे आहात.'

आमच्या पायाखाली बोअर होत्या. एक नव्हे, दोन नव्हे. विद्यापीठाच्या आवारात उत्तरेस व दक्षिणेस मिळून सुमारे ३,६०० बोअर खणलेल्या आहेत, कोणी ४०० फूट खोल, कोणी ५०० फूट. आपल्याकडे एक बोअर मारावयाची म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाची घालमेल होते, आणि ती कोरडी गेली तर घरात चूल पेटत नाही. येथे हजारो मारल्या, आणि पाण्यासाठी त्यांतील एकही नाही! प्रत्येकीत वाकवलेली नळी सोडून भोक बुजविले आहे. नळीतून पाणी खाली जाते आणि वर येते, एवढेच. जमिनीच्या पोटात त्या खोलीवर बारा महिने सुमारे १३ अंश सेल्सिअस उष्णता असते. उन्हाळ्यात इमारतींतील नकोशी उष्णता हे पाणी जमिनीत नेऊन ठेवते. हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असता, तीच उष्णता वर आणते. आपले पूर्वज सुगीचे धान्य जमिनीखालच्या पेवात साठवून अडीच्या दिवसांत काढीत. मन्सीकरांनी उष्णतेचे पेव केले आहे.

पेवातील उष्णता मंद असते. तिने खोली तापत नाही. ती वाढविण्यासाठी दोन यंत्रगृहे बांधली आहेत. त्यांतील एकात आम्हांस जावयास मिळाले. आत मोठमोठी यंत्रे सतत एका सुरात घोंघावत होती. त्यांचे तत्त्व घरातील फ्रीजचेच आहे. फ्रीजच्या आतले भांडे थंड होते आणि पाठ गरम होते. म्हणजे यंत्राने उष्णता निर्माण केली नाही, इकडची तिकडे नेली. येथे यंत्राच्या एका अंगाने सुमारे ६५ अंशांचे गरम पाणी निघते व दुसऱ्या अंगाने सुमारे ५ अंशांचे थंड पाणी निघते, आणि दोन्ही नळांवाटे ४७ इमारतींस पुरविले जाते. एखाद्या प्रयोगशाळेस थंडावा हवा आणि त्याच वेळी वसतिगृहास ऊब हवी, असे नेहमीच घडते. तेव्हा एकीची उष्णता दुसरीस मिळते आणि पेवास हातही लावावा लागत नाही.

आता, हे काम त्यांनी निवडले कसे, हा आमच्या लेखाचा खरा विषय आहे. मुलाने मैदानाच्या कडेला बाकावर बसून आम्हांस तो समजावून दिला. सांगताना त्याने वहीत तीन रकाने आखले.

विद्यापीठांनी निसर्गाच्या रक्षणाची प्रतिज्ञा करण्याची चाल नवी नाही. १९९० साली फ्रान्समधील तालवार येथे अनेक देशांच्या विद्यापीठप्रमुखांनी तशी घोषणा केली होती. परंतु घोषणेने धूर कमी होत नाही. २००६ च्या अखेरीस अमेरिकेतील काही विद्यापीठाध्यक्षांनी एक करार पुढे आणला. त्यात बॉल स्टेटच्या तत्कालीन अध्यक्षा जो ॲन गोरा या आरंभापासून होत्या. या कराराचे वैशिष्ट्य असे की त्याने हिशोब मागितला. सही केल्यापासून एका वर्षात आपण किती कर्बवायू हवेत सोडतो याची मोजणी करावी, आणि दोन वर्षांत तो कमी करण्याची योजना लिहून द्यावी.

मुलाच्या वहीतील तीन रकाने ते हेच. पहिल्या रकान्यात आपल्या स्वतःच्या धुराड्यातून व गाड्यांतून निघणारा धूर. दुसऱ्यात आपण विकत घेतलेल्या विजेपायी दूरच्या वीजकेंद्रात निघणारा धूर. तिसऱ्यात बाकीचे सारे, म्हणजे प्राध्यापकांची विमाने, विद्यार्थ्यांच्या मोटारी, कचरा वगैरे. प्रत्येक रकान्यात टन लिहावयाचे. मोजणी करण्यापूर्वी प्रत्येकाच्या मनात आपापला आवडता उपाय असतो. कोणास झाडे लावावीशी वाटतात, कोणास सायकली आणाव्याशा वाटतात, कोणास छपरावर सोलर हवे असते. यांतील एकही वाईट नाही. पण मोजणी झाली म्हणजे आकडे बोलतात.

बॉल स्टेटचा आकडा पहिल्या रकान्यात बोलला. सर्व इमारतींस ऊब देण्यासाठी चार जुने बॉयलर होते आणि ते वर्षाला सुमारे ३६,००० टन कोळसा खात. दहा टनी ट्रकच्या ३,६०० खेपा झाल्या! विद्यापीठाच्या एकूण कर्बवायूपैकी सुमारे निम्मा या कोळशाच्या माथी होता. अशा ठिकाणी दिवे बदलून आणि झाडे लावून समाधान मानणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तरीही हा निर्णय सरळ झाला असे नाही. बॉयलर जुनाट झाले होते व ते बदलणे भागच होते. विद्यापीठाचा मूळ बेत कोळशाचाच, पण नव्या पद्धतीचा बॉयलर बसविण्याचा होता, आणि त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाने पैसाही मंजूर केला होता. निविदा आल्या त्या मंजूर रकमेहून मोठ्या. काम अडले. अडलेल्या वेळात कोणीतरी पुन्हा विचार केला, की एवढा पैसा घालावयाचाच तर कोळशात का घालावा? जमिनीतील उष्णतेचा मार्ग तेव्हा पुढे आला. राज्याचा पैसा तिकडे वळविण्यात आला, केंद्र सरकारने ५० लाख डॉलर दिले, आणि २००९ साली खोदाई सुरू झाली. एकूण खर्च सुमारे आठ कोटी डॉलर झाला. २०१२ साली पहिला टप्पा चालू झाला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये विद्यापीठाने कोळसा जाळणे कायमचे बंद केले. इंधनात वर्षाला सुमारे वीस लाख डॉलर वाचतील असा त्यांचा अंदाज होता.

'बाळ,' आम्ही विचारले, 'वीस लाखांची बचत आणि आठ कोटींचा खर्च. हा सौदा कोणत्या वाण्यास पटेल?'

मुलगा म्हणाला, 'फादर, हिशोब तसा मांडायचा नाही. नवा बॉयलर घ्यावाच लागणार होता, तो खर्च आधी वजा करायचा. राहिला तो जादा खर्च, आणि त्याच्यासमोर बचत ठेवायची. शिवाय नवा बॉयलर घेतला असता तर पुढची तीसचाळीस वर्षं कोळसा गळ्यात पडला असता.'

हे उत्तर आम्हांस फार महत्त्वाचे वाटले. उपायांचा क्रम लावताना प्रत्येकास चार प्रश्न विचारावेत, असे त्याने सांगितले. याने किती टन धूर कमी होईल? एका टनामागे किती पैसा पडेल? जुने यंत्र असेही केव्हा बदलावयाचे आहे? आणि आज हे केले तर उद्याचा चांगला मार्ग बंद तर होणार नाही? नुसता दुसरा प्रश्न विचारणारे दिवे बदलतात व तेथेच थांबतात, कारण दिव्याचा पैसा दोन-तीन वर्षांत सुटतो आणि मोठ्या कामाचा सुटावयास बराच काळ जातो. मोठ्या कामाची पाळीच येत नाही. नुसता पहिला प्रश्न विचारणारे मोठे काम धरतात, पण गळकी दारे-खिडक्या तशाच ठेवून गरजेहून मोठे यंत्र विकत घेतात. म्हणून गळती आधी थांबवावी, मग चूल बदलावी, मग वीज स्वच्छ करावी, आणि एवढे करूनही जो धूर उरेल त्याच्यापुरतीच दुसरीकडे झाडे लावण्याची भाषा करावी.

लहान कामे हिणकस नव्हेत, हेही त्याने सांगितले. हार्वर्ड विद्यापीठाने १ कोटी २० लाख डॉलरचा फिरता निधी ठेवला आहे. एखाद्या विभागाने त्यातून उसने घ्यावे, वीज वाचवावी, आणि वाचलेल्या पैशातून निधी परत भरावा, म्हणजे तोच पैसा पुढच्यास मिळतो. आपल्या बायकांचे बचतगट याहून वेगळे काय करतात?

आम्ही त्याची परीक्षा पाहावी म्हणून एक अवघड प्रश्न केला. ही घोंघावणारी यंत्रे विजेवर चालतात. ती वीज कोठून येते? मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, 'तेच आमचं दुखणं आहे, फादर. इंडियानात वीज बहुतेक कोळशाचीच असायची. आता कमी झाली आहे, पण कोळसा अजून मोठाच आहे.' म्हणजे विद्यापीठाने आपले धुराडे बंद केले, तरी दूरचे धुराडे चालू आहे. म्हणूनच एवढ्या मोठ्या कामाने कर्बवायू निम्म्याने घटला असे ते म्हणतात, पुरता गेला असे म्हणत नाहीत. या प्रामाणिकपणाचे आम्हांस कौतुक वाटले. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वीजकेंद्र जसजसे सुधारेल तसतशी ही यंत्रे आपोआप अधिक स्वच्छ होतील. कोळशाचा बॉयलर कधीही झाला नसता.

यावरून सर्व विद्यापीठांनी बोअर माराव्यात असे कोणी समजू नये. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाजवळ कायुगा नावाचे खोल तळे आहे. २००० सालापासून त्याच्या तळाच्या थंड पाण्याने ते आपल्या इमारती गार ठेवतात. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने मोजणी केली, तेव्हा त्यांच्या धुराचा निम्म्याहून अधिक भाग प्रवासाचा, आणि त्यातही बहुतेक विमानांचा निघाला. इमारतींखाली त्यांनीही उष्णता साठविली आहे. परंतु २०१७ पासून त्यांनी विमानप्रवास कमी करण्याचे वेगळे काम हाती घेतले आणि प्रत्येक विभागास स्वतःचे लक्ष्य ठरवावयास सांगितले. एकाचे दुखणे चुलीत, दुसऱ्याचे पंखांत. औषध एकच कसे असेल?

विमानांचा विषय निघाला आणि आमचे आम्हीच वरमलो. मुंबईहून शिकागोकडे जाऊन-येऊन सुमारे २६,००० किलोमीटर होतात. त्यात एका प्रवाशाच्या वाट्यास दोन टनांहून अधिक कर्बवायू येतो. सरासरी भारतीय मनुष्याचा वर्षभराचा वाटा सुमारे तेवढाच आहे. एका बाप्तिस्म्यासाठी आम्ही एका माणसाचे वर्ष खर्च केले होते. भाचीच्या आनंदाचा आम्हांस पश्चात्ताप नाही. पण शाळेच्या छपरावर पाटी लावून जगास उपदेश करण्यास निघालेल्या आमच्या वहीत हा आकडा कधी पडलाच नव्हता, हे खरे.

संध्याकाळी मनोऱ्यातील घंटा वाजू लागल्या. मुलगा आम्हांस मोटारीपर्यंत पोहोचवावयास आला. परतताना भाचेजावई म्हणाले, 'मामा, ज्या गावानं जमिनीतून वायू काढून दिवसाढवळ्या जाळला, त्याच गावानं शंभर-सव्वाशे वर्षांनी जमिनीत उष्णता ठेवायला शिकावं, गंमत आहे.' आम्ही होय म्हटले. पण आमचे मन तंबाखूची चंची आवरणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थाकडे गेले होते.

गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो व त्यांचा शब्द त्या दिवशी ऐकला नाही म्हणून माफी मागितली. ते संकोचले. मग दोघांनी मिळून शाळेची बारा महिन्यांची वीजबिले ओसरीवर पसरली. दिवे व पंखे शाळा सुटल्यावर बंद असतात. मग मे महिन्याच्या सुटीतही बिल एवढे कसे? बुवा म्हणाले, 'मोटर.' विहिरीवरील पंप बागेसाठी व टाकीसाठी रोज चाले. त्या रात्री आम्ही टाकी काठोकाठ भरली, सर्व नळ बंद केले आणि पाण्याच्या पातळीवर कोळशाने रेघ ओढली. सकाळी पाणी हातभर खाली गेले होते! टाकीपासून शाळेपर्यंतचा जमिनीतला पाइप दोन जागी फुटला होता. आम्ही कित्येक वर्षे विजेने पाणी वर चढवून ते मातीत सोडीत होतो. शिवाय पंप इतक्या वेळा रिवाइंड केलेला, की मिस्त्रीने पाहून कपाळास हात लावला. आणि सोलरसाठी आम्ही निवडलेले रस्त्याकडील छप्पर? ते उत्तरेकडे उतरते, आणि दुपारनंतर त्यावर फणसाची सावली पडते.

ठराव फिरविणे सोपे होते. दात्यांस सांगणे अवघड होते. पाटीची फरशी कोरून तयार होती. पैसे परत मागतील या भीतीने आम्ही दोन दिवस फोन टाळला. शेवटी केला आणि सारे जसेच्या तसे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, 'फादर, पाइप जमिनीत जाणार. पाटी कुठं लावणार?' आम्ही गप्प. तेच पुढे म्हणाले, 'राहू द्या. त्या विहिरीचं पाणी प्यायलोय आम्ही. आधी पाइप घाला.'

पाइप व नवा पंप बसले. पंप आता पूर्वीच्या निम्मा वेळही चालत नाही. उरलेल्या पैशात मागील दक्षिणेकडील छपरावर थोडे सोलर बसेल. ठरविले होते त्याहून ते पुष्कळ लहान पुरते, कारण गरजच लहान झाली आहे. आपल्या देशातील बहुतेक वीज अजून कोळशाची आहे, म्हणून तेही करावयाचे आहेच. फरशी चर्चच्या मागे भिंतीस टेकून ठेवली आहे. ज्यांनी पायऱ्यांवर आम्हांस प्रश्न विचारला होता, त्यांस आम्ही आता टाकीकडे नेतो आणि जमीन दाखवतो. पाहण्यासारखे तेथेही काही नाही.

वाचकहो, आपल्या घरचे वीजबिल कपाटातून काढा. आपल्या वाडीतील शाळेचे, दूधसंस्थेचे काढा. काय करावे हे ठरविण्यापूर्वी एक रात्र टाकीवर रेघ ओढून पाहा. आणि बैठकीत एखादा म्हातारा मनुष्य 'आधी बघूया का' असे म्हणाला, तर आमच्यासारखे घड्याळाकडे पाहू नका.